दसऱ्याला गवसणी काढली आणि तंबोरा पांढरा पडलेला: जुन्या लाख-पॉलिशची समस्या आणि तपासण्या

खंडेनवमीला मला हमखास दोन-तीन फोन येतात. आषाढापासून कोपऱ्यात उभा असलेला तंबोरा पूजेसाठी बाहेर काढलेला असतो, गवसणी उतरवलेली असते आणि पलीकडून घाबरलेला आवाज येतो, "ताई, भोपळ्यावर सगळं पांढरं आलंय. हात लावला तर चिकट लागतंय. पॉलिशवाल्याला बोलावू का?"

नका बोलावू. निदान आज तरी नको. आज फक्त गवसणी काढलेली राहू द्या, तंबोरा भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि खोलीतला पंखा मंद लावा. पुढचं खाली क्रमाने लिहिते आहे. घाई केलीत तर जे नुकसान पावसाने केलेलं नाही, ते आपल्या हातून होईल.

माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे माझ्या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ठाण्यात आमच्या गायनवर्गातले पाच तंबोरे मी सोळा-सतरा वर्षं सांभाळते आहे. त्यांतला सर्वांत जुना आमच्या बाईंचा, मिरजेचा, साठी उलटलेला. वर्गातल्या मुलींच्या घरचे तंबोरेही माझ्याकडे येतात. मी कारागीर नाही. जवारी मी काढत नाही, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवत नाही; भोपळा जोडत नाही. पण पॉलिश पांढरं पडणं, चिकटणं आणि त्यावर गवसणीचा ठसा उमटणं या तीन तक्रारी मी इतक्या वेळा निस्तरल्या आहेत की त्यांची कारणं आता पाठ झाली आहेत. बहुतेक वेळा नव्या पॉलिशची गरजच नसते.

आधी हे पॉलिश म्हणजे काय ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच उभी आहे. जुन्या तंबोऱ्यावर लाखेचं पॉलिश असतं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचा किडा जो राळेसारखा पदार्थ तयार करतो, तो शुद्ध करून त्याची चपडी करतात, म्हणजे पातळ पापुद्रे. ही चपडी स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. स्पिरिट उडून जातं आणि लाखेचा पातळ पापुद्रा मागे राहतो. आत दुसरी कुठली प्रक्रिया होऊन तो कायमचा पक्का होत नाही. म्हणूनच साठ वर्षांनीही स्पिरिट लागलं की हे पॉलिश पुन्हा विरघळतं. त्याचा नाजूकपणा यात आहे आणि मोठा गुणही यातच आहे: जुन्या थरावर नवा थर चढवला की दोन्ही एकजीव होतात, त्यामुळे जाणता माणूस जुनं न खरवडता डागडुजी करू शकतो. लाखेला चार गोष्टी सोसत नाहीत: साचलेला ओलावा, उष्णता, स्पिरिट आणि साबण-सोड्यासारखा क्षार.

लक्षणं

तुमच्या तंबोऱ्याला यांतलं नेमकं काय झालंय ते दिवसाउजेडी, खिडकीशी नेऊन बघा.

- पॉलिशच्या आतून आल्यासारखा पांढरट धूसरपणा. काचेवर वाफ धरावी तसा दिसतो. बहुधा भोपळ्याच्या भिंतीकडच्या बाजूला किंवा तळाशी.
- वर बसलेली पांढरी भुकटी किंवा ठिपके.
- चिकटपणा. सगळीकडे, किंवा फक्त हात लागतो तिथे.
- गवसणीच्या विणीचा जाळीदार ठसा.
- पॉलिशमध्ये केसासारख्या बारीक रेघांचं जाळं.
- दांडीवर, कडेला, मांडीवर टेकतो त्या जागी पॉलिश झिजून लाकूड किंवा भोपळा उघडा पडणं.
- पॉलिशचे खवले निघणं, पांढरी नक्षी उचलली जाणं, सरळ लांब भेग.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

पहिली तपासणी: पांढरं पुसून जातं का?

खर्च शून्य. जुन्या सुती साडीचा, खूप धुतलेला मऊ तुकडा घ्या. कोरडाच. आधी एक फुंकर मारा आणि मग हलक्या हाताने, न दाबता, एकदाच फिरवा.

कापडावर पांढरी पूड आली आणि वास आला नाही, तर तो बहुतेक खडू आहे. खुंटी सरकू नये म्हणून आपण खुंटीला खडू लावतो. तो झडतो, दांडीवरून घरंगळत तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ लाकडी झाकणावर, आणि भोपळ्यावर बसतो. हा खडू घासून पुसला तर त्याचेच कण पॉलिशवर बारीक ओरखडे काढतात, म्हणून आधी फुंकर. मऊ, रुंद ब्रश असेल तर आणखी चांगलं.

पूड आली आणि कुबट वास आला, तर बुरशी. ती लाखेपेक्षा लाखेवर बसलेल्या तेलकट मळावर जास्त वाढते. नाकाला रुमाल बांधून, गॅलरीत नेऊन कोरड्या कापडाने काढा आणि तो तुकडा टाकून द्या. गवसणी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. तंबोरा मात्र उन्हात ठेवू नका. पंधरा मिनिटंसुद्धा नको.

काहीच पुसलं गेलं नाही, तर पांढरेपणा पॉलिशच्या आत आहे. म्हणजे ओलावा. पुढे चला.

दुसरी तपासणी: गवसणी आणि जागा

याही तपासणीला पैसे लागत नाहीत आणि निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं आहे.

गवसणी उलटी करून आत हात घाला. रेक्झिनची आहे का? आत फोमचं अस्तर आहे का? रेक्झिनमधून हवा खेळत नाही. जुलैत आत शिरलेला दमटपणा ऑक्टोबरपर्यंत तिथेच कोंडून राहतो. फोम तर आपल्या दमट हवेत काही वर्षांत कुजतो. त्याची पिवळी, चिकट भुकटी होते आणि ती पॉलिशला चिकटून बसते. अशी गवसणी फक्त प्रवासापुरती वापरा. घरात जाड सुती कापडाची सैल गवसणी पुरेशी आहे आणि पावसाळ्यात तीही दर आठवड्याला अर्धा दिवस काढून ठेवायची.

मग जागा. तंबोरा बाहेरच्या भिंतीला टेकलेला होता का? पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून बघा, गारवा जाणवतो. त्या गारव्याशी चिकटलेली बाजू आधी पांढरी पडते. बाईंच्या तंबोऱ्यावर हा पांढरेपणा नेमका अर्धचंद्राच्या आकाराचा होता. मी तंबोरा पुन्हा कोपऱ्यात ठेवून पाहिला, तर भिंतीला जिथे भोपळा टेकत होता तोच अर्धचंद्र. जागा बदलली आणि पुढच्या पावसाळ्यात डाग आला नाही.

भोपळ्याखाली काय आहे तेही बघा. थेट फरशीवर कधीच नको. सुती कापडाची चुंबळ करून त्यावर बसवा. डोक्यावरच्या हंड्याला करतो तशीच, जरा मोठी. रबरी रिंग किंवा प्लॅस्टिकची चटई नको.

हे सगळं बदलून तंबोरा चार-पाच दिवस उघडा, पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत राहू द्या. वारा थेट अंगावर जोरात नको, खोलीत फिरता असला की पुरे. पांढरेपणा ताजा असेल तर तो रोज थोडा थोडा विरत जातो. मी रोज सकाळी त्याच जागेचा, त्याच उजेडात फोटो काढते, कारण रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. केस वाळवायच्या यंत्राने वाळवायचा मोह टाळा. उष्णतेने लाख मऊ होते, वरची साय बंद होते आणि ओलावा आत अडकतो.

तिसरी तपासणी: चिकटपणा नेमका कुठे आहे?

स्वच्छ धुतलेला, कोरडा अंगठा तीन ठिकाणी टेकवा: दांडीवर हात टेकतो तिथे, भोपळ्यावर मांडीला लागतो तिथे आणि खुंट्यांच्या मागच्या बाजूला, जिथे कोणाचाच हात जात नाही.

फक्त हाताच्या जागी चिकट असेल, तर घाम आणि तेल. दांडीवर कानाच्या उंचीला एक काळसर, चिकट पट्टा बऱ्याच तंबोऱ्यांवर दिसतो. साथीला बसलेल्या मुली दांडीच्या अगदी जवळ डोकं नेऊन नाद ऐकतात आणि केसांचं खोबरेल तिथे लागत राहतं. तो पट्टा पाहिला की मला राग येत नाही, किती तास कोणीतरी षड्ज ऐकत बसलं असेल ते दिसतं. पण काढायला हवा, कारण तेलकट थराखाली लाख मऊ राहते.

पद्धत अशी. कापडाच्या घडीवर तोंडाची वाफ सोडा, त्या दमट घडीने तळहाताएवढी जागा पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. दोन-तीनदा करून बघा. एवढ्याने निघालं नाही तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन घ्या. ते तेल आणि मेण काढतं, पण लाख विरघळवत नाही. आधी मागच्या बाजूला छोट्या जागेत चालवून बघा. कापडावर लालसर-तपकिरी रंग आला तर तिथेच थांबा. खिडक्या उघड्या हव्यात आणि घरात गॅस किंवा निरांजन पेटलेलं नको. साबण, भांड्यांचा द्रव, काच पुसायचा फवारा यांतलं काहीही नको. त्यांतल्या क्षाराने लाख धूसर होते आणि सुटते.

तिन्ही ठिकाणी सारखंच चिकट असेल, तर दोष पॉलिशमध्येच आहे. त्याची दोन कारणं मला भेटली आहेत. एक, गेल्या वर्ष-दोन वर्षांत कोणीतरी शिळ्या पॉलिशचा हात मारला आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बाटलीत हळूहळू बदलत जाते. सहा महिने ते वर्षभर जुनं पॉलिश लावलं तर ते कधीच खडखडीत वाळत नाही. दुसरं कारण म्हणजे उष्णता. तंबोरा मे महिन्यात बंद गाडीत तास-दोन तास राहिला असेल तर विचारून बघा. गवसणीचा ठसा उमटतो तो बहुधा तिथेच: मऊ पडलेल्या लाखेत कापडाची वीण रुतते आणि गार झाल्यावर तशीच राहते.

चौथी तपासणी: घरातल्यांना विचारा

हीसुद्धा फुकट आहे आणि लोक हीच टाळतात. विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत.

दसऱ्याला किंवा गुरुपौर्णिमेला थेट वाद्यावर गंध, हळद-कुंकू लावलं होतं का? ओलं गंध म्हणजे पाणी. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करून बनवतात, तेव्हा ओलं कुंकू म्हणजे पाणी आणि क्षार दोन्ही एकाच बोटावर. तबलीवर मधोमध गोल, फिकट डाग असेल तर तो याचाच. आमच्या वर्गात आता पूजा पाटावर होते. तंबोऱ्यापुढे विड्याचं पान ठेवतो, गंधाक्षता त्यावर वाहतो आणि फूल खुंटीला अडकवतो, तेही पाणी झटकून.

सॅनिटायझर? 2020 नंतरच्या दोन वर्षांत मी याचेच डाग सर्वांत जास्त पाहिले. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये मुख्यतः अल्कोहोल असतं, म्हणजे पॉलिशवाला जे वापरतो त्याच जातीचं द्रावक. आमच्या वर्गातली एक मुलगी फार काळजीने हात स्वच्छ करून, ते सुकायच्या आत दांडीवर टेकली. चार बोटांचे चार ठसे, त्यांत कातडीच्या रेषांसकट, आजही तिथे आहेत. मनगटावर मारलेलं अत्तर आणि सेंटही हेच करतं.

तेल लावलं होतं का? "लाकडाला पोषण" म्हणून खोबरेल चोळणारी माणसं प्रेमानेच चोळतात, पण पॉलिश केलेल्या लाकडाला बाहेरून पोषण लागत नाही. खोबरेल वाळत नाही. ते भेगांत, सांध्यांत उतरतं आणि पुढे कारागिराने तिथे सरस लावला तर तो धरत नाही. जवसाचं तेल वाळतं, पण काळपट होत जातं. फर्निचर चमकवायचे फवारेही नकोत. त्यांत सिलिकॉन असेल तर वर नवं पॉलिश बसत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

पाचवी तपासणी: हवेतला ओलावा मोजा

इथे पहिल्यांदा खिशात हात घालायचा. चार-पाचशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. तंबोऱ्याशेजारी ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. 45 ते 60 टक्क्यांच्या मध्ये असेल तर उत्तम. पावसाळ्यात किनारपट्टीवर आकडा 80 च्या पुढे जातो, तेव्हा तंबोरा आतल्या खोलीत, बाथरूम आणि स्वयंपाकघरापासून दूर हलवा. बंद कपाटात ठेवत असाल तर सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्यांचा रंग पालटला की गरम करून पुन्हा कोरड्या करा.

उलटी चूकही होते. दिवसभर वातानुकूलन आणि रात्री बंद, अशा खोलीत आकडा रोज वीस-वीस टक्के हेलकावतो. भोपळा, तूनाचं लाकूड आणि वरची लाख हे तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि पॉलिशमध्ये जाळं पडतं. स्थिर 65 टक्के मला रोजच्या 40-70 च्या झोक्यापेक्षा परवडतात.

सहावी तपासणी: रेघांचं जाळं पॉलिशचं की लाकडाचं?

खोलीत अंधार करा आणि मोबाइलची बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, आडवी धरा. समोरून टाकलेल्या उजेडात जे दिसत नाही ते आडव्या उजेडात उठून दिसतं.

पॉलिशचं जाळं असेल तर रेघा सगळीकडे धावतात, शिरांना आडव्याही जातात. नख हलकेच फिरवलं तर अडकत नाही. हे वय आहे. त्याला काही करायचं नाही. जुन्या तंबोऱ्याचा तो मधासारखा रंग आणि ते जाळं एकाच काळाची खूण आहेत, आणि ते "साफ" करायला गेलात तर रंगही जाईल.

लाकडाची भेग शिरेच्या दिशेने सरळ जाते, नख अडकतं आणि बहुधा तिच्या कडेला धूळ भरलेली असते. भोपळ्याची भेग देठाकडून तळाकडे उतरते. बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत भोपळ्याभोवती फिरा. धड भोपळा सगळीकडे भरीव, गोल बोलतो. फुटक्या जागी आवाज चपटा होतो, कधी फुटक्या मडक्यासारखा खरखरतो. शंका असेल तर भेगेशेजारी नाणं धरून फोटो काढा आणि पंधरा दिवसांनी तसाच पुन्हा काढा. भेगेवर चिकटपट्टी मात्र लावू नका. काढताना ती पॉलिश घेऊन येते.

सातवी तपासणी: स्पिरिटचा थेंब

ही सर्वांत शेवटी, कारण हिची खूण उरते. पुढे काही करायचंच नसेल तर करूही नका.

तळाशी, तारा अडकवतात त्या लंगोटाच्या मागे, कापसाच्या काडीचं टोक स्पिरिटमध्ये बुडवून, टिपकागदाला टेकवून, पाच सेकंद धरा. जागा चिकट झाली आणि कापसाला रंग आला, तर लाख. काहीच झालं नाही, तर वर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनसारखं रासायनिक पॉलिश आहे आणि खालचा स्पिरिटचा उपाय तुमच्या तंबोऱ्याला लागू नाही.

लाख असेल, ओलाव्याचा डाग पाच रुपयांच्या नाण्याएवढा असेल आणि दोन आठवडे उघडा ठेवूनही गेला नसेल, तर मी एक उपाय करते. मलमलीची छोटी पुरचुंडी, आत कापूस, त्यावर स्पिरिटचे दोन थेंब. ती आधी स्वतःच्या मनगटावर टेकवायची. ओली लागली तर थांबायचं, नुसती गार लागली की तयार. मग डागावरून मोरपीस फिरवावं तशी एकदाच, मध्ये न थांबता. दहा मिनिटं हात बांधून बसायचं. स्पिरिटने लाखेची साय क्षणभर उघडते, आत अडकलेला ओलावा निघून जातो आणि धूसरपणा उतरतो. जास्तीत जास्त तीनदा. तबलीवर मी हे कधी करत नाही. नक्षीजवळही नाही, कारण स्पिरिटने नक्षीतल्या काळ्या रेघांचा रंग फिसकटतो.

नक्षीवरून आठवलं. आपल्या तंबोऱ्यांवरची पांढरी नक्षी बहुतेक सेल्युलॉइडची असते. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने ती विरघळते आणि ठिणगी लागली तर झपाट्याने पेटते. तंबोऱ्याजवळ उदबत्ती आणि निरांजन नको, हे मी पूजेच्या दिवशी दरवेळी सांगते.

घरात जुनी परदेशी गिटार असलेले वाचकही मला विचारतात. 1950 च्या दशकातल्या गिब्सन, मार्टिन किंवा फेंडरवर लाख नसते, नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. म्हणजे सेल्युलॉइडचंच भावंड. साफसफाईचे नियम बरेचसे हेच, पण दोन जास्तीचे: रबरी किंवा फोमच्या स्टँडवर ठेवू नका, लॅकर तिथे मऊ होऊन कायमचा डाग पडतो, आणि थंड प्रवासातून आणली तर खोकं लगेच उघडू नका, काही तास तसंच राहू द्या, नाहीतर अंगभर तडे जातात.

इथे थांबा आणि कारागिराला बोलवा

पॉलिशचे खवले निघत असतील. लाकडाची किंवा भोपळ्याची भेग असेल. गळ्याशी, दांडी आणि भोपळ्याच्या सांध्यात कागद शिरत असेल. नक्षी उचलली असेल किंवा पिवळी पडून घामेजल्यासारखी झाली असेल. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसत असेल, म्हणजे कीड. पांढरा डाग तळहातापेक्षा मोठा असून पंधरा दिवसांत हलला नसेल. यांतलं एकही असेल तर पुढे आपला हात नको.

आणि कारागीर म्हणजे तंतुवाद्याचा कारागीर. फर्निचर पॉलिश करणारा कितीही चांगला असला तरी तो नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजीचा तंबोरा असाच एका फर्निचरवाल्याकडे गेला होता. त्याने मन लावून काम केलं, पण यंत्राने घासून. गळ्याशी कोरलेल्या पानांच्या शिरा सपाट झाल्या, नक्षीतल्या रेघा पुसल्या गेल्या आणि तबलीसकट सगळीकडे मेलामाइनचा जाड थर चढला. तंबोरा आरशासारखा चमकत होता. तिने तारा मिळवल्या आणि छेडल्या, तर आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, आखूड झालेली. तबली पातळ असते, ती कंपनं पावते म्हणून तंबोरा बोलतो. तिच्यावरचा प्रत्येक जाड थर हे ओझं आहे. मिरजेच्या कारागिराने तो थर निघेल तेवढा काढला. पानांच्या शिरा परत आणणं कोणाच्याच हातात नव्हतं.

मिरजेचं नाव मी सवयीने घेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार-पाणी करणाऱ्या लोकांनी, तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. हे काम त्यांच्या घराण्यांत आजही चालू आहे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात आणि कुठल्या भोपळ्याला कुठली दांडी शोभेल हे तिथे हाताने ठरतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जुन्या तंबोऱ्याचं पॉलिश ज्या पद्धतीने चढलं त्याच पद्धतीने ते राखणारे हात तिथे आहेत. तंबोरा नेणं जमणार नसेल तर आधी फोटो पाठवून विचारा. आडव्या उजेडातले, नाणं ठेवून काढलेले.

कारागिराशी बोलताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि कागदावर लिहूनही द्या. जुनं पॉलिश खरवडायचं नाही, आहे त्यावरच हात फिरवायचा. लाख ताजी विरघळवलेली हवी. तबलीवर कमीत कमी. रंग "नव्यासारखा" नको, शेजारच्या जुन्या रंगाला मिळता हवा, हेही सांगा. नाहीतर कारागीर तुमचं समाधान व्हावं म्हणून गडद लाल करून देतो आणि त्यात त्याची चूक नसते.

तंबोरा परत आला की त्याला स्पिरिटचा वास येत असेल. तो वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण तीन आठवडे, गवसणी घालू नका. वर फक्त धुतलेली सुती ओढणी, तीही अंगाला न टेकेल अशी, खुंट्यांवरून सोडलेली. तीन आठवड्यांनी भोपळ्याच्या तळाशी स्वच्छ अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि आडव्या उजेडात बघा. अंगठ्याच्या रेषा दिसल्या तर आणखी आठवडाभर थांबा आणि पुन्हा बघा.